दर आठवड्याला बसणारा टायर, हवा जाते कुठे?

प्रश्न : नमस्कार. आमचं घर हर्णैला, बंदरापासून जवळच. गाडी हॅचबॅक आहे, अलॉय व्हील्स, ट्यूबलेस टायर. ड्रायव्हर साइडचा मागचा टायर आठवड्यात पाच-सहा पीएसआय उतरतो, बाकीचे तीन एकदम ठीक. खिळा नाही, काच नाही. पंक्चरवाल्याने चाक टाकीत बुडवून बघितलं, एक बुडबुडा आला नाही, म्हणाला काही नाहीये, हवा मारा आणि चालवा. पुढच्या आठवड्यात परत तेच. घरात सगळे म्हणतात नवीन टायर टाकून मोकळा हो, पण नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे हो. नक्की काय असेल? – एक वाचक, हर्णै

उत्तर : नवीन टायर एवढ्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय टायरवर नाहीच, रिमच्या कडेवर आहे. टायर नवा टाकलात आणि रिम तसंच राहिलं तर नव्या टायरचीही हवा तशीच जाणार आणि पैसे वर जाणार.

ट्यूबलेसमध्ये हवा अडवायला ट्यूब नसते, टायरची आतली जाड कडा, म्हणजे बीड, रिमला घट्ट चिकटून बसते आणि तेवढ्यावरच सगळं असतं. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम, त्यावर रंग आणि लॅकरचा थर असतो. तो थर कुठे खरवडला गेला की खारी हवा आत शिरते आणि खाली पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते, वरचा रंग पापुद्र्यासारखा उचलते आणि बीड तेवढ्या जागी रिमपासून सुटतं. फट केसाएवढीही नसते, म्हणून हवा एकदम न जाता आठवडाभर झिरपत राहते. किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे जास्त, त्यात हर्णैला मासळीच्या टेम्पोतून खारं पाणी रस्त्यावर ठिबकत असतं, ते चाकाच्या आतल्या बाजूला उडतं आणि तिकडे हात कोणाचाच जात नाही. खरवडण्याची सुरुवात बहुतेक दोन ठिकाणी होते : टायर खोलताना लोखंडी पट्टी घातली जाते तिथे, आणि बॅलन्सिंगचं वजन रिमच्या कडेला क्लिपने ठोकलेलं असतं तिथे. वजनाच्या खाली बघा, पांढरट फुगवटा दिसला तर निम्मं काम झालं.

टाकीत का दिसलं नाही? कारण एवढ्या बारीक लीकला एक बुडबुडा तयार व्हायलाच वेळ लागतो, चाक मिनिटभर बुडवून काढलं तर तो रिमच्या खाचेतच अडकून राहतो. पंक्चरवाल्याला दोष देत नाही, समोर गिऱ्हाईक उभं असतं, तो किती वेळ बघत बसणार.

आता घरी काय करायचं ते. आधी मोजमाप नीट करा. स्वतःचा गेज घ्या, कारण पंपापंपावरचे गेज वेगवेगळं दाखवतात, आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी चारही टायर बघा, आकडे लिहून ठेवा. खेडहून येताना तापलेल्या टायरमध्ये 33 भरलंत तर सकाळी थंड झाल्यावर 29-30 दिसणारच, तो लीक नाही. तापमान साधारण 5-6 अंश उतरलं की 1 पीएसआय उतरतो हा ढोबळ हिशोब धरा. चांगला टायरसुद्धा महिन्याला 1-2 पीएसआय सोडतो. तुमचे बाकीचे तीन ठीक आहेत म्हणजे तुमचा लीक खराच आहे, पण हे एकदा लिहून घेतलंत की गॅरेजमध्ये कोणी वाद घालणार नाही.

मग व्हॉल्व्ह. टोपी काढून तोंडावर घट्ट साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि थोडं थांबा. थेंब फुगला तर आतली पिन गेलीय, ती बदलायला किरकोळ खर्च येतो. मग रबरी दांडा बोटाने हळूच चारही बाजूंना वाकवून मुळाशी साबण लावा, जुन्या रबराला तिथे भेगा पडतात आणि त्या सरळ उभ्या असताना दिसत नाहीत. टोपी प्लॅस्टिकचीच ठेवा, ॲल्युमिनियमच्या चमकणाऱ्या टोप्या खाऱ्या हवेत पितळी दांड्यावर अशा जाम होतात की काढताना दांडाच तुटतो.

तिथे काही नसेल तर चाक काढा. जॅक सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, आणि गाडीला आधार म्हणून खाली जांभ्याचा चिरा अजिबात लावू नका, तो दाबाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. चाक आडवं ठेवायचं, टायर आणि रिम यांच्यामधल्या खाचेत गोल फिरवून साबणाचं पाणी ओतायचं आणि निदान पंधरा मिनिटं हात न लावता थांबायचं. मोठे बुडबुडे शोधू नका, एका जागी मोहरीएवढ्या दाण्यांचा पांढरा फेस हळूहळू जमतो, पुसला तरी परत तिथेच येतो, तोच लीक. मग चाक उलटून आतल्या बाजूलाही तसंच. सापडलं की खडूने टायरवर आणि रिमवर दोन्हीकडे खूण करा, ही खूण फार कामाची आहे. टायर खोलून अर्धा फेरा फिरवून बसवला आणि फेस रिमच्या खुणेपाशीच आला तर दोष रिमचा, टायरच्या खुणेबरोबर सरकला तर टायरच्या बीडचा. शेवटी साबण गोड्या पाण्याने धुऊन टाका.

नक्षीवर जुनं पंक्चर असेल तर तिथेही साबण लावा, बाहेरून मारलेली पट्टी काही काळाने सोडते. आणि रिमच्या आतल्या गोलाईवर खड्ड्यात आपटून बारीक चीर गेलेली असू शकते, तसं निघालं तर वेल्डिंग करत बसू नका, रिम बदला.

बीडपाशीच निघालं तर काम सोपं आहे. टायर मशीनवर खोलायला सांगा, रिमची बैठक बारीक वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने पांढरी भुकटी पूर्ण जाईपर्यंत घासून घ्या, ग्राइंडर लावू देऊ नका. मग कोरडी पुसून प्राइमर किंवा लॅकरचा पातळ हात, तो सुकल्यावर बीड सीलर, मग टायर. बसवताना ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नका, रबर खराब होतं, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. टायर उघडा असेल तेव्हा आत हात फिरवा. काळी रबराची भुकटी हाताला लागली तर कमी हवेवर तो बराच चाललाय आणि बाजूची भिंत आतून गेलीय, मग नक्षी कितीही असो, तो टायर वापरू नका. भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना अशीच भिंत फाटते, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

प्रश्न : टायरमध्ये सीलंट जेल टाकलं किंवा नायट्रोजन भरला तर हे सगळं टळेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : नायट्रोजनने नाही टळणार. हवेतच जवळजवळ 78 टक्के नायट्रोजन असतो आणि बीडच्या फटीतून तोही तसाच बाहेर पडतो. त्यात ओल कमी असते एवढा फायदा आहे, फुकट मिळत असेल तर भरा. जेल मुख्यतः नक्षीतल्या बारीक भोकांसाठी असतं, चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, रिमच्या कडेपर्यंत नीट पोचत नाही. वर बॅलन्सिंग बिघडू शकतं आणि पुढे टायर खोलणाऱ्याला आधी तो चिकटा साफ करावा लागतो. रात्री आडरस्त्याला अडकलात, स्टेपनीही बसलेली आहे, अशा वेळी घर गाठायला जेल जरूर वापरा, आणि दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याला आत जेल आहे हे आधी सांगा. स्टेपनीची हवा मात्र आजच बघा, बऱ्याच गाड्यांत ती वर्षभर कोणी बघितलेली नसते.