‘मागे वळा’ म्हणणाऱ्या नेव्हिगेटरचं काय करू?

प्रश्न : २०११ साली मुलाने गाडीला जीपीएस नेव्हिगेटर घेऊन दिला. तेव्हापासून तो काचेवर चिकटलेला आहे आणि आमच्या सौ.चा त्यातल्या बाईवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. दिवाळीत लेकीकडे नागपूरला निघालो. सिन्नरजवळ समृद्धीवर चढलो आणि पडद्यावर गाडी शेतातून चालू लागली. शिर्डी येईपर्यंत बाई ‘मागे वळा’ म्हणत होती. दुकानदार म्हणतो, नकाशाचे पैसे भरा किंवा नवीन घ्या. मुलगा म्हणतो, फेकून द्या, मोबाईल आहे ना! पण वर्षातून चार-पाच वेळा सुरगाण्याकडे गावी जातो आणि वणी सोडली की मोबाईलची रेंज जाते. काय करावं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पत्र वाचून हसू आलं, कारण तसलंच यंत्र माझ्याही कपाटात पडून आहे. सातपूरला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं तेव्हा अशी कितीतरी मी स्वतः काचेला लावून दिली, लायटरच्या सॉकेटमधून वायर ओढून.

त्या बाईचा मात्र दोष नाही. जीपीएसच्या खोक्यात दोन वेगळी कामं चालतात. एक, उपग्रहांचे सिग्नल ऐकून आपण कुठे आहोत ते काढायचं. दोन, ती जागा नकाशावर बसवायची. तुमचं पहिलं काम अजून ठणठणीत आहे. शेतात दिसलेली जागा बरोबरच होती. नकाशा तेवढा जुना. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शिर्डीच्या अलीकडचा भरवीरपर्यंतचा मे २०२३ मध्ये. २०११ च्या नकाशाला तिथे ढेकळंच दिसणार. आणि तिचं ऐकून समृद्धीवर खरंच मागे वळला नाहीत हे फार बरं केलंत. तिथे इंटरचेंजशिवाय उतरता येत नाही आणि मागून गाड्या १२० ने येत असतात.

नाशिकमध्येच बघा. गरवारे पॉइंटपासून के. के. वाघ कॉलेजकडे जाणारा उड्डाणपूल २०१३ चा, म्हणजे तुमच्या यंत्राला तोही ठाऊक नाही. माझं यंत्र मला पुलावर असताना ‘द्वारका चौकात डावीकडे वळा’ सांगायचं. डावीकडे कठडा! पण हे नवीन घेतल्याने पूर्ण सुटेल असं समजू नका. जीपीएसला आडवी जागा नीट कळते, उंची तितकीशी नाही. त्यामुळे आपण पुलावर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडला, यात नवा मोबाईलसुद्धा गोंधळतो. द्वारकेला डोळे वापरायचे, दुसरा इलाज नाही.

आता रेंजचं. हा गैरसमज दुकानात रोज ऐकायचो. मोबाईलमधल्या जीपीएसला रेंज लागत नाही. तोही तुमच्या खोक्यासारखाच थेट उपग्रहांचं ऐकतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला आणि पुढची वाहतूक कळायला. घरी वायफायवर गूगल मॅप्समध्ये दिंडोरी, वणी, सुरगाण्याचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. रेंज गेली तरी रस्ता सांगेल, फक्त पुढे कुठे गाड्या खोळंबल्यात ते सांगणार नाही. एक फरक मात्र पडतो. कोणता उपग्रह कधी कुठे असेल याचा पूर्ण तक्ता आकाशातून यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाईल ही माहिती इंटरनेटवरून पटकन घेतो, म्हणून तो चटकन जागा दाखवतो. तुमचं खोकं महिनाभर बंद राहिलं की सुरुवातीला अडून बसतं, ते बहुतेकदा यामुळे. तेव्हा मोबाईलवर रस्ता घरच्या अंगणातच लावून निघा. रेंज गेल्यावर घाटात गाडी थांबवून लावायला बसू नका.

पैसे भरण्याआधी यंत्रातली तारीख बघा. जीपीएसमध्ये आठवडे मोजायचा आकडा १०२३ पर्यंतच जातो आणि ७ एप्रिल २०१९ च्या पहाटे, आपल्या वेळेने, तो परत शून्यावर आला. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तेव्हा सुधारलं गेलं नाही, त्यांतली काही आज वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतात. तुमच्यात तसं दिसलं तर नकाशावर एक रुपया घालू नका. तारीख ठीक असेल तर खोक्यावर किंवा पावतीवर ‘लाइफटाइम मॅप’ लिहिलंय का बघा. लाइफटाइम म्हणजे तुमचं किंवा माझं आयुष्य नाही हो, कंपनी त्या मॉडेलसाठी नकाशे काढते तोवरचं. अजून फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. जुन्या यंत्रांची आतली मेमरी तुटपुंजी असते, मोठा नकाशा मावत नाही. मेमरी कार्डाची खाच असेल तर त्यावर टाकता येतो. मुलाला बसवा त्या कामाला, फेकून द्या म्हणाला ना!

फुकट नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : पैसे भरू नका आणि नवीन नेव्हिगेटरही घेऊ नका. गाडीत एक चांगला होल्डर आणि चार्जर बसवा, एसीच्या झरोक्यापाशी, म्हणजे मोबाईल उन्हात तापणार नाही. हातात धरून मात्र बघायचं नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमाने गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता बघण्यापुरता चालतो, तोही लक्ष विचलित न होता. सौ.ना ती बाई सोडवत नसेल तर मोबाईलची बाई मराठीही बोलते, तेवढं सेटिंग मुलाकडून करून घ्या.

जुनं खोकं फेकायची घाई नको. पाठ फुगली असेल, काच उचलली गेली असेल, तर आतली बॅटरी गेली. चार्जिंगला लावू नका, ई-कचऱ्यात द्या. उन्हात काचेवर इतकी वर्षं काढल्यावर हे होऊ शकतं. धड असेल तर समृद्धीवर वेग दाखवायला ठेवा. गाडीचा काटा बहुतेकदा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो, जीपीएसचा आकडा सरळ रस्त्यावर जास्त बरोबर असतो. आवाज तेवढा बंद करा, नाहीतर नागपूरपर्यंत दोन बाया भांडत बसतील आणि सौ. जुन्या बाईची बाजू घेतील.