पहिला ईसीजी नॉर्मल, अर्ध्या तासाने हार्ट अटॅक: पट्टीत नेमकं काय बदलतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी सकाळी वडिलांच्या (वय ५८) छातीत दुखायला लागलं, तुम्ही त्यांना सक्करदऱ्याहून रिक्षाने दवाखान्यात नेलं, पहिला ईसीजी नॉर्मल आला. तरी डॉक्टरांनी सोडलं नाही, अर्ध्या तासाने परत काढला आणि ‘इन्फिरिअर वॉल एमआय’, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक, सांगितलं. पहिली पट्टी चुकीची होती का, आणि स्नायूला इजा झाली की पट्टीत काय बदलतं, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

मी डॉक्टर नाही. नागपुरात धंतोलीत २१ वर्षं ईसीजी टेक्निशियन म्हणून काम करतो. औषधोपचाराचं तुमचे डॉक्टर सांगतील. पट्टीबद्दल मात्र मी सांगू शकतो, कारण दिवसाला तीस-चाळीस पट्ट्या माझ्या हाताखालून जातात.

पहिली पट्टी बहुधा बरोबरच होती. ईसीजी चालतो दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत हृदयाची वीज जशी वाहिली तशी ती कागदावर उमटते. आधी काय झालं आणि पुढे काय होणार, हे त्यात नसतं. अटॅक मात्र तासन्‌तास चालतो. गुठळी रक्तवाहिनी बंद करते, कधी थोडी सरकते, रक्त पुन्हा वाहतं, परत बंद होते. मधल्या चांगल्या मिनिटांत पट्टी काढली तर ती चांगलीच येणार. तुमच्या डॉक्टरांनी कागदापेक्षा वडिलांच्या दुखण्यावर जास्त विश्वास ठेवला, हे फार चांगलं झालं.

आता कागद बघू. गुलाबी चौकटीचा असतो ना, त्यातली सगळ्यात लहान चौकट एक मिलिमीटरची. आडवी मोजली तर ०.०४ सेकंद, उभी मोजली तर ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दहा हजारावा भाग. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो, त्यावरून अंदाज करा. पी हा छोटा उंचवटा वरच्या कप्प्यांचा, क्यूआरएस ही टोकदार उडी खालच्या मोठ्या कप्प्यांची, आणि शेवटचा गोलसर टी म्हणजे त्या कप्प्यांच्या पेशी पुन्हा पूर्ववत होताना उमटणारी लाट. क्यूआरएस संपून टी सुरू होईपर्यंतचा जो सपाट तुकडा, तो एसटी. निरोगी हृदयात त्या क्षणी खालच्या कप्प्यांच्या सगळ्या पेशी जवळपास सारख्याच विद्युत अवस्थेत असतात. फरक नाही म्हणून प्रवाह नाही, आणि प्रवाह नाही म्हणून रेघ सपाट.

रक्त थांबलं की हाच तुकडा बिघडतो. स्वस्थ पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण विद्युत दाब असतो. तो टिकवायला पेशीला सतत ऊर्जा लागते. रक्त बंद झालं की ऊर्जा संपत जाते, पोटॅशियम बाहेर पडतं आणि आरामाच्या वेळचा हा दाब पूर्ण राहत नाही. शेजारची निरोगी पेशी पूर्ण भारलेली, ही अर्धवट. मग दोघींमध्ये प्रवाह वाहायला लागतो, यालाच इजेचा प्रवाह म्हणतात. गंमत अशी की यातला बराचसा बदल एसटीचा नसून दोन ठोक्यांमधल्या आरामाच्या रेघेचा असतो. ती रेघ खाली जाते, पण मशीन तिलाच शून्य धरतं, त्यामुळे एसटी वर आलेला दिसतो. विहिरीचं पाणी उतरलं की बुडालेली पायरी वर आल्यासारखी वाटते, तसं. शिवाय इजा झालेल्या पेशी ठोक्याच्या वेळीही लवकर मावळतात, त्याने एसटी खरोखरही थोडा उचलला जातो.

लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एकेक दिशा; नेहमीच्या पट्टीत अशा बारा असतात, आणि व्ही-१, एव्हीएफ वगैरे त्यांची नावं. भिंतीच्या पूर्ण जाडीला इजा झाली तर तिच्या समोरच्या लीडमध्ये एसटी वर जातो. फक्त आतला थर उपाशी राहिला तर बहुतेक वेळा एसटी खाली दबतो. रक्त तुटलं की आतला थर आधी मरतो आणि मग मृत्यू बाहेरच्या बाजूला सरकत जातो. वाहिनी पूर्ण बंद झाली तर साधारण २० ते ४० मिनिटांत कायमची हानी सुरू होते. इमर्जन्सीत पोहोचल्यापासून दहा मिनिटांत पहिला ईसीजी निघाला पाहिजे हा नियम आम्ही त्यासाठीच पाळतो.

एक पट्टी मला आजही आठवते. मे महिना, बाहेर ४५ अंश. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले एक काकाजी आले, साठीच्या पुढचे. शर्ट घामाने ओला, पण हात लावला तर अंग थंड. ‘काही नाही भाऊ, काल रात्री सावजी झालं ना, गॅस होऊन राहिली,’ असं सारखं म्हणत होते. घामाने छातीवरचे स्टिकर निसटत होते. टॉवेलने पुसून, छातीवरचे केस काढून परत लावले. पट्टी निघाली. मशीनने वर छापलं, ‘नॉर्मल’. काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन वर्षांपूर्वीची, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळची पट्टी काढून दिली. दोन्ही शेजारी ठेवल्या. व्ही-३ मध्ये जुना टी चार चौकटींचा, आजचा अकरा. बुडाशी रुंद, फुगलेला, क्यूआरएसपेक्षाही मोठा. एसटी अजून जागेवरच होता.

डॉक्टर कॅथलॅबमध्ये, म्हणजे बंद वाहिन्या उघडतात त्या खोलीत होते, दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, ‘स्टिकर काढू नका, पंधरा मिनिटांनी परत.’ स्टिकर न काढणं महत्त्वाचं, कारण जागा बोटभर हलली तरी रेघ बदलते आणि मग बदल हृदयाचा की आपल्या हाताचा, ते कळत नाही. दुसऱ्या पट्टीत व्ही-२ ते व्ही-४ मध्ये एसटी तीन चौकटी वर होता. समोरच्या भिंतीला रक्त देणारी डावी वाहिनी बंद होती. त्याच तासात ती उघडली. जुनी पट्टी नसती तर तो अकरा चौकटींचा टी ‘असेलही त्यांचा तसाच’ म्हणून नजरेआड झाला असता.

तर क्रम साधारण असा चालतो. पहिल्या काही मिनिटांत टी रुंद आणि उंच होतो. मग एसटी उचलला जातो, सुरुवातीला सरळ चढासारखा, नंतर उलट्या वाटीसारखा फुगलेला. काही तासांत क्यूआरएसच्या आधी खोल खड्डा दिसायला लागतो, तो क्यू. मेलेला स्नायू वीज तयार करत नाही, त्यामुळे त्याच्यावरचं लीड जणू खिडकीतून पलीकडची भिंत बघतं आणि पलीकडच्या भिंतीची वीज त्याच्यापासून दूर जात असते. नंतर टी उलटा होतो आणि एसटी काही दिवसांत खाली येतो. टी पुढे आठवड्यांनी, महिन्यांनी कधी सरळ होतो, कधी होत नाही. क्यू बऱ्याच जणांचा जन्मभर राहतो. वेळेत वाहिनी उघडली तर हा क्रम मध्येच तुटतो. एसटी तासा-दीड तासात निम्म्याहून खाली आला की आमच्या खोलीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

अटॅकमध्ये रेघ अशी वर उचलली जाते हे १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी नोंदवलं. मशीन त्याआधीचं, नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हन यांचं. १९२४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचे. १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या माणसाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. आज खेड्यातून कोणी पट्टीचा फोटो पाठवतं तेव्हा मला ते आठवतं.

आता तुमच्या वडिलांचं. इन्फिरिअर म्हणजे हृदयाची खालची, पोटाकडची भिंत. तिच्याकडे लीड दोन, तीन आणि एव्हीएफ बघतात. दुसऱ्या पट्टीत ही तीन नावं शोधा, एसटी तिथे वर दिसेल. मग एव्हीएल बघा, तिथे तो बहुधा खाली दबलेला असेल, कारण ते लीड विरुद्ध बाजूने बघतं. ही आरशासारखी जोडी दिसली की इजा खरी असल्याची खात्री वाढते. शेजारच्या निदान दोन लीडमध्ये एक चौकट तरी उचल हवी, असा साधा नियम आहे. व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये मात्र जास्त लागते: चाळिशीपुढच्या पुरुषात दोन, त्याहून तरुण पुरुषात अडीच, बायकांत दीड.

त्यांच्या छातीच्या उजव्या बाजूलाही स्टिकर लावून पट्टी काढली असेल. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये कधी खालचा उजवा कप्पाही कचाट्यात सापडतो आणि तेव्हा जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने बीपी धाडकन पडू शकतं. आपल्याकडे शेजारपाजारचे लोक सरळ ती गोळी देतात म्हणून मुद्दाम लिहितो: डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिलेली नसेल तर कुणाची उसनी घेऊ नका. १०८ ला फोन करा.

पट्टी फसवतेही. हृदयाच्या पाठीमागच्या भिंतीकडे नेहमीची बारा लीड थेट बघतच नाहीत. तिथला अटॅक व्ही-१ ते व्ही-३ मध्ये दबलेल्या एसटीच्या रूपात दिसतो आणि पाठीवर स्टिकर लावले की उघड होतो. हृदयात वीज नेणाऱ्या डाव्या फांदीचा ब्लॉक आधीपासून असेल तर त्याच्याच वेड्यावाकड्या रेघेत इजा लपते. उलट, धडधाकट तरुण पोरांत एसटी मुळातच थोडा वर असू शकतो. हृदयाच्या आवरणाला सूज आली तर तो जवळपास सगळीकडे वर जातो. किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम वाढलं की टी उंच होतो, पण तो तंबूसारखा अरुंद आणि टोकदार, काकाजींसारखा रुंद नाही. आणि व्ही-१, व्ही-२ चे स्टिकर चौथ्या फासळीखालच्या फटीत लावायचे सोडून दोन बोटं वर लावले, तर निरोगी माणसाच्या पट्टीतही जुना अटॅक असल्यासारखं दिसतं. ही चूक मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी बोट धरून दाखवतो. ईसीजी पूर्ण साधा असूनही रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं निघू शकतं, तेही पहिल्या तासांत कमीच असतं म्हणून परत तपासतात.

माझ्या बाबांचं असंच झालं. २००९ मध्ये, आमच्या तालुक्याच्या गावी. छातीत जड वाटत होतं, एका दवाखान्यात एकदा पट्टी काढली, नॉर्मल म्हणाले, गॅसची गोळी देऊन बसने घरी पाठवलं. दुसरी पट्टी कोणी काढली नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे नागपूरला आले, जिना चढताना थांबत थांबत. मीच त्यांना टेबलावर झोपवलं. दोन, तीन, एव्हीएफ, तिन्हींत रुंद, खोल क्यू. त्यांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मी नुसतीच जेली पुसत राहिलो. पुढे ते आठ वर्षं जगले, पण त्यांचं हृदय पूर्वीसारखं कधीच चाललं नाही.

तुमच्या वडिलांच्या पुढच्या पट्ट्यांत उलटे टी दिसतील, क्यूही असू शकेल. त्याने घाबरून जाऊ नका, तो शनिवारचाच परिणाम आहे. नव्याने दुखलं तर मात्र जुन्या पट्ट्या घेऊन लगेच जा. एसटी बरेच आठवडे उचललेलाच राहिला तर डॉक्टरांना इकोबद्दल (हृदयाची सोनोग्राफी) विचारा, भिंत फुगलेली असू शकते. शनिवारच्या दोन्ही पट्ट्या मागून घ्या. कागद थर्मल असतो, काही वर्षांत रेघा उडतात, म्हणून आजच झेरॉक्स काढा, फोनमध्ये फोटो ठेवा आणि एक प्रत वडिलांच्या पाकिटात घाला. लॅमिनेट करू नका. त्या उष्णतेने थर्मल कागद अख्खा काळा पडतो. बाबांची ती पट्टी जपून ठेवायची म्हणून मी तिला लॅमिनेशनलाच दिली होती.