नळाचा दिवस नसतानाही

“रिपोर्ट सगळे नॉर्मल आलेत ओ मॅडम. मग मीच बिघडलेय का काय?”

टेबलावर प्लास्टिकची पिशवी. तिच्यात ईसीजी, थायरॉइड, शुगर, पोटाची सोनोग्राफी. छातीत धडधड, मान आखडलेली, पोटात गोळा आणि रात्री झोप नाही, म्हणून दोन दवाखाने झाले होते. दोन्हीकडून निघताना एकच वाक्य कानावर आलं होतं: “काही नाही, टेन्शन घेऊ नका.”

“मी काय हौसेनं टेन्शन घ्यायलेय का?” त्या चिडून म्हणाल्या. “घरात कर्ज नाही, दारू नाही, पोरगं वळणाचं आहे. लोकांच्या घरी काय काय असतं! मला काय धाड भरलीय?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. डोंगराएवढं दुःख नाही, तरी जीव का टांगलेला? माझंच मन कच्चं का? म्हणून ही हकिगत, त्यांना विचारून लिहिलेली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथं अक्का म्हणते. आमच्या सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, हा शब्द घरोघरी ऐकू येतो.

अक्कांचं वय 41. माहेर-सासर दोन्ही विणकरांची, घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवरा टॉवेलच्या यंत्रमागावर, बारा-बारा तासांच्या पाळ्या. सासू आयुष्यभर विड्या वळत आली, अजूनही मांडीवर सूप घेऊन बसते. मुलगा बारावीत. अक्का घरी मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवतात, नगावर पैसे. मार्चपासून जूनपर्यंत सीझन, मान वर काढायला फुरसत नाही. त्या आल्या तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, काम निम्म्यावर होतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते ते त्यांनाही विचारलं. जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?

“मरायला वेळ कुठाय ओ?” असं म्हणून त्या हसल्या. हसण्यावारी नेलेल्या उत्तरावर मी थांबत नाही. पुन्हा विचारलं. मग जरा वेळानं म्हणाल्या, “मरावंसं नाही वाटत. कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी जाऊन झोपावं वाटतं.” हे उत्तर वेगळं असतं, तर मी त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले असते. (वाचणाऱ्यांपैकी कुणाचं उत्तर वेगळं असेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.)

मग ताणाची कारणं मोजायला बसलो. मुलाची बारावी. नवऱ्याचा कारखाना मधूनच आठवड्यातले तीन-चार दिवस चालतो, त्याची धास्ती. सासूचं टोचून बोलणं. कमी झालेलं काम. एवढं सांगून त्या थांबल्या.

“रात्री जाग कितीला येते?”

“अडीच, पावणेतीन.”

“का बरं?”

“नळ येतंय की तेव्हा.”

सोलापूरकरांना हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: उजनी धरणातून शंभराहून जास्त किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीनं शहरात पाणी येतं आणि नळाला मात्र ते काही दिवसांआड येतं. कुठं तीन, कुठं चार, कुठं पाच. त्यात वेळ भरवशाची नाही. अक्कांच्या बोळात ते रात्री एकपासून पहाटे चारपर्यंत कधीही यायचं. मोटर लावायची, पिंपं भरायची, हौद भरायचा, पिण्याचं गाळून वेगळं ठेवायचं. चुकलं की पुढचे चार दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं.

“म्हणजे चार-पाच दिवसांतून एकदा जागता.”

“नाही ओ. रोज. नळाचा दिवस नसला तरी डोळे उघडतात. मग कान लावून पडते.”

पाणी त्यांनी कारणांत धरलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, “पाण्याचं काय, ते सगळ्यांनाच हाय की.”

सगळ्यांना असलेल्या त्रासाला आपल्याकडं त्रासाची किंमतच मिळत नाही. ही गंमत जुन्या मोजमापांतही दिसते. 1967 साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकी डॉक्टरांनी ताण मोजायची एक यादी केली. आयुष्यातल्या 43 घटना आणि प्रत्येकीला गुण. जोडीदाराचा मृत्यू 100, स्वतःचं लग्न 50, असं. त्या वर्षात अक्कांच्या घरी ना मयत झालं ना लग्न, ना नोकरी गेली ना घर बदललं. त्या यादीनं त्यांना जवळजवळ निरोगी म्हणून घरी पाठवलं असतं. पुढं 1981 मध्ये कॅनर, लॅझरस आणि सहकाऱ्यांनी रोजच्या बारीकसारीक कटकटी मोजल्या, तेव्हा माणसाच्या तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त बरोबर येतो असं दिसलं. डोंगर एकदाच चढायचा असतो. चपलेतला खडा पावलोपावली टोचतो.

आणि इथं तर खडा कधी टोचणार तेही माहीत नाही. 1970 च्या सुमारास जे वाइस या संशोधकानं उंदरांवर प्रयोग केले होते. दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे झटके. फरक इतकाच की एकाला झटक्याआधी आवाज ऐकू यायचा, दुसऱ्याला झटका कधी बसेल याचा पत्ता नसायचा. पोटात जखमा जास्त झाल्या त्या दुसऱ्याला. त्रास तेवढाच, पण वेळ ठाऊक असली तर मधल्या वेळात शरीर सैल पडतं. ठाऊक नसली तर ते चोवीस तास पहाऱ्यावर राहतं. अक्कांच्या शरीरानं वर्षानुवर्षं अशी रात्रपाळी केली होती. धडधड, आखडलेली मान, पोटातला गोळा ही सगळी त्या पहाऱ्याची लक्षणं. ईसीजीत हे दिसत नाही. हृदय नीटच आहे, त्याला फक्त सुट्टी नाही.

इथं माझी चूक सांगायला हवी. हे सगळं समजूनही पहिल्या भेटीत मी त्यांना श्वासाचा व्यायाम शिकवून घरी पाठवलं. चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. उपाय चांगला आहे, श्वास सोडायला जास्त वेळ दिला की ठोके खरंच मंदावतात. आठवड्यानं अक्का आल्या त्या वैतागूनच.

“श्वास मोजताना नळाचा आवाज यायला का तेच ऐकत बसते. आकडे चुकतात.”

बरोबर होतं त्यांचं. जिथं पाळ्या वाटून द्यायला हव्या होत्या तिथं मी प्राणायाम दिला होता. लॅझरस आणि फोकमन यांनी 1984 मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मोठे प्रकार मांडले. एकात माणूस अडचणीलाच हात घालतो, दुसऱ्यात अडचणीनं मनात उठलेलं वादळ शमवतो. दोन्ही लागतात. घोळ होतो तो अदलाबदलीत. जे बदलता येतं तिथं माणूस सोसत बसतो आणि जे हातात नाही तिथं रात्रभर डोकं चालवतो. या वेळी तो घोळ समुपदेशकानंच केला होता.

अक्कांचे स्वतःचेही उपाय चालू होतेच. जाग आली की चहा. मग मिश्री. मग झोप येत नाही म्हणून मशीन. दुपारी डुलकी. संध्याकाळी पुन्हा कडक चहा. चहातलं कॅफीन, मिश्रीतलं निकोटीन, दोन्ही मेंदूला जागवणारी. म्हणजे पहारेकऱ्याला झोप येऊ नये म्हणून जे द्यावं तेच त्या इमानेइतबारे देत होत्या. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, “मिश्री सोडा म्हणू नका, तेवढंच एक आहे माझं.” मी म्हटलं नाही. संध्याकाळनंतर नको, एवढ्यावर तडजोड झाली. सोडली असती तर बरंच झालं असतं, तंबाखू ती तंबाखूच. पण सगळं एकदम काढून घेतलं की माणूस पुढच्या वेळी येत नाही, हे मी ठेच खाऊन शिकलेय.

जाऊबाईंनी अक्कलकोटला जाऊन यायला सांगितलं होतं, त्याही उपायानं गुण आला होता. पण कुठं? “स्वामींचं दर्शन झालं, बरं वाटलं. येताना एसटीत बसले ती झोपलेच. कंडक्टरनं उठवलं.” चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, खिडकी खडखडतेय, शेजारी कोंबाकोंबी, आणि या बाई गाढ झोपलेल्या! थायरॉइडच्या रिपोर्टनं सांगितलं नाही ते मला त्या एसटीनं सांगितलं. तिथं नळ नव्हता. स्वामींची कृपा म्हणा की एसटीची, मी त्यावर वाद घातला नाही.

तिसऱ्या भेटीला मी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन यायला सांगितलं. नवरा रात्रपाळी करून लाल डोळ्यांनी आला, बिचारा. पाण्याची रात्र कोण कोण घेऊ शकेल, एवढाच विषय. अक्कांनी आधीच जाहीर केलं, “पोराचं नाव घ्यायचं नाही. बारावी आहे त्याची.”

पोरगा खाली बघत म्हणाला, “मम्मी, मी तर दोन-अडीचपर्यंत जागाच असतो की.”

खोलीत एकदम शांतता. भिंतीच्या अलीकडं आई कान लावून पडलेली, पलीकडं मुलगा पुस्तक (आणि मोबाईल) घेऊन जागा, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. नवरा आधी हसला, मग मीही.

ठरलं ते साधंच. बोळातल्या चार घरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर सुप्रभातची फुलं यायची. ज्याच्या घरी आधी नळ येईल त्यानं त्यावर कळवायचं. एक रात्र मुलाची, एक नवऱ्याच्या सुट्टीची, बाकी अक्कांची, आणि ज्याची रात्र त्याच्याच उशाशी फोन. ज्या रात्री नळाचा दिवस नाही, त्या रात्री फोन सासूच्या खोलीत.

दुसऱ्याच आठवड्यात मुलाला झोप लागली आणि नळ गेला. अक्का तणतणत आल्या. “सांगितलं होतं ना मी?” मी विचारलं, पुढं काय झालं? शेजारून सहा घागरी आणल्या. कपडे दोन दिवस तसेच पडले. सासू दिवसभर बोलली. मुलानं आपणहून सायकलवरून दोन कॅन आणले. “आणि?” “आणि काय, नळ आला की चार दिवसांनी.” ज्याच्या भीतीनं त्या वर्षानुवर्षं जागल्या, ते एकदा घडून गेलं आणि निभावलंही. मला ती चुकलेली रात्र फार उपयोगी पडली, पण हे त्यांना तेव्हा सांगितलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या.

अडीचची जाग लगेच थांबली नाही. शरीराला सवय मोडायला वेळ लागतो. तोवर मी एवढंच सांगितलं होतं: घड्याळ बघायचं नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठून ओट्यावर बसायचं, मशीनला हात लावायचा नाही. झोप आली की परत आत. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच आणि दुपारची डुलकी बंद.

चिंतेसाठी रोज ठरावीक वेळ राखून ठेवायचा, ही पद्धत बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञानं 1983 मध्ये तपासली होती. तिथं अर्धा तास होता, मी पंधरा मिनिटं सांगितली. एरवी मनात काही आलं की “साडेसहाला बघू” म्हणायचं. मी संध्याकाळचे साडेसहा सुचवले आणि अक्कांनी मला वेड्यात काढलं. “दिवेलागणीला कुणी वाईट बोलतं का?” मग पाच ठरले. नगांच्या वहीची मागची पानं त्यासाठी. एकदा त्यांनी ती पानं दाखवली: अर्धी ओळ मराठी, अर्धी मराठी अक्षरांत तेलुगू. “हिशेब मराठीत सुचतो, काळजी तेलुगूतच येते,” म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात पानभर लिहायच्या, नंतर पाच-सहा ओळी.

कारखाना चार दिवस चालेल की सहा, हे ना त्यांच्या हातात ना माझ्या. सासूचं तोंडही नाही. तिथं मात्र श्वास कामाला आला, आणि तो त्यांनी मशीनवर बसवला. शिवण पायाखाली पळत असताना श्वास घ्यायचा, दोरा तोडताना लांब सोडायचा. हे मी शिकवलेलं नव्हतं.

सासूबद्दल अक्कांनी एक निरीक्षण सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. विड्या वळताना चार बायका ओट्यावर एकत्र बसायच्या. हजार विड्यांचा हिशेब, पानांची रड, कारखान्यात काढून टाकलेल्या विड्यांवरून शिव्या, सगळं एकमेकींत व्हायचं. “सासूबाईंना माझ्यापेक्षा कमी पैसे मिळायचे, पण त्या रात्री झोपायच्या.” विडीच्या कामाचं मला कौतुक नाही. तंबाखूची धूळ, वाकलेली पाठ, तुटपुंजी मजुरी मी जवळून पाहिलीय. तरी अक्कांचं खरं होतं. शिलाईनं पैसे जरा जास्त दिले आणि माणसं काढून घेतली. आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून त्या दिवसाचे आठ-नऊ तास एकट्या असायच्या.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली तेव्हा त्यांनी मशीन बाहेरच्या खोलीत, दाराशी हलवलं. यात्रेला निघालेल्या पोरीबाळींचे परकर शिवून द्यायचे होते, हे निमित्त. यात्रा संपली तरी मशीन तिथंच राहिलं. समोरची बाई भाजी निवडायला ओट्यावर येऊन बसते. सासूही सूप घेऊन तिथंच. टोमणे चालूच आहेत, पण आता ऐकायला तिसरं कुणीतरी असतं आणि तेवढ्यानं त्यांची धार जाते म्हणे.

मेच्या शेवटी, पारा त्रेचाळीसच्या पुढं असताना, अक्का ठरल्याप्रमाणे भेटायला आल्या. मान पुन्हा धरली होती. अडीचची जाग त्या महिन्यात चारेकदा आली होती. मी जरा काळजीनं विचारायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“सीझन आहे ओ मॅडम. दोनशे हाफ पँटा परवा द्यायच्यात, बटणं लावायची राहिलीत. आता भेट पंधरा जूनच्या नंतर धरा.”

आणि बसल्या तशा दहा मिनिटांत उठून गेल्या. आज रात्री नळ होता, पोराची पाळी होती.