एलएक्सआयमधला एक्स आणि आरएलसीमधला सी

परभणीहून डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय की ८०८५ या मायक्रोप्रोसेसर चिपच्या प्रॅक्टिकलला एलएक्सआय, आयएनएक्स, एक्सआरए असे सूचनांचे शब्द येतात, त्यांतल्या एक्सचा अर्थ काय? आणि ही लघुरूपं नुसती पाठच करायची का?

पाठ करू नका, फोडून वाचा. अक्षर शब्दात कुठे बसलंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. शेवटी आय असेल तर तो इमीजिएट, म्हणजे आकडा सूचनेतच लिहिलेला: एमव्हीआय, एडीआय, सीपीआय, एएनआय. फक्त ईआय आणि डीआय यांतला आय इंटरप्टचा.

एक्सची तीन कामं आहेत. एक्ससीएचजी आणि एक्सटीएचएलमध्ये तो एक्सचेंज, अदलाबदल. एक्सआरए, एक्सआरआयमध्ये एक्सक्लुझिव्ह ऑर. आणि एलएक्सआय, आयएनएक्स, डीसीएक्स, एलडीएएक्स यांत तो रजिस्टरची, म्हणजे चिपमधल्या एकेक बाइटच्या साठवणजागांची, जोडी दाखवतो. 'एलएक्सआय एच, २०५० एच' म्हणजे एच रजिस्टरमध्ये २०, एलमध्ये ५०, एकाच सूचनेत (आकड्यामागचा एच हेक्स पद्धतीचा). सरावाच्या किटवर मात्र कोड २१ ५० २० असा भरायचा, खालचा बाइट आधी. २१ २० ५० भरलंत तर जोडीत ५०२० जातं आणि प्रोग्राम भलत्याच पत्त्यावरचा डेटा उचलतो.

जोडीच्या या एक्समागे एक मोठा खड्डा आहे. एका रजिस्टरमधलं मूल्य एकाने वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या आयएनआर, डीसीआर झीरो फ्लॅग (उत्तर शून्य आल्याची खूण) बदलतात. जोडीसाठी तेच करणाऱ्या आयएनएक्स, डीसीएक्स तो बदलत नाहीत. म्हणून 'डीसीएक्स बी'च्या (बी-सी जोडी एकाने कमी करा) लगेच खाली जेएनझेड (शून्य नसेल तर उडी) लिहिलं की लूप बिघडतं: जेएनझेड आधीच्या कुठल्यातरी सूचनेचा फ्लॅग बघतं, त्यामुळे लूप एकदाच फिरतं किंवा थांबतच नाही. डीसीएक्सनंतर 'एमओव्ही ए, बी' आणि 'ओआरए सी' (ए आणि सी यांचं ऑर) टाका, मग जेएनझेड. दोन्ही बाइट शून्य झाले तरच झीरो फ्लॅग लागेल. यात अ‍ॅक्युम्युलेटरमधलं, म्हणजे ए मधलं, जुनं मूल्य जातं, ते हवं असेल तर आधी दुसरीकडे ठेवा.

आरएलसीचा सी याहून फसवा. ही बिट डावीकडे फिरवणारी सूचना, पण ८०८५ मध्ये आरएलसी कॅरीतून (बाहेर पडलेला बिट ठेवणाऱ्या फ्लॅगमधून) फिरवत नाही. डावीकडचा बिट उजव्या टोकाला येतो आणि त्याची प्रत कॅरीत जाते, कॅरीत आधी असलेलं मूल्य पुसलं जातं. कॅरीतून नऊ बिटांचं चक्र फिरवते ती आरएएल. ए मध्ये ८० एच आणि कॅरी ० असेल, तर आरएलसीनंतर ए मध्ये ०१, आरएएलनंतर ००. कॅरी दोन्हीकडे १. पुढे ८०५१ ही दुसरी चिप शिकायला घेतलात की हेच नाव उलटतं! तिथे साधं फिरवणं आरएल आणि कॅरीतून फिरवणं आरएलसी. चिप बदलली की नावावर विसंबून चालत नाही, सूचनासंचाचा तक्ता उघडावाच लागतो.

जेपी या उडीच्या सूचनेतला पी पॅरिटीचा (१ असलेले बिट सम की विषम) नाही, पॉझिटिव्हचा. साइन फ्लॅग (उत्तर ऋण असल्याची खूण) ० असेल तर उडी. पॅरिटीच्या उड्या जेपीई आणि जेपीओ. सीएमपी तुलना करतं, ए बदलत नाही. सीएमए ए चे सगळे बिट उलटवतं. एका अक्षराच्या फरकाने उत्तर जातं.

शेवटचा मुद्दा एमओव्हीचा. नाव मूव्ह असलं तरी काहीही हलत नाही. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल घेतली तरी मूळ उतारा दप्तरात राहतो, तसं 'एमओव्ही ए, बी'नंतर बी मधलं मूल्य जागेवरच असतं. म्हणून मराठीत 'हलवा' न म्हणता 'उतरवून घ्या' म्हणावं असं माझं ठाम मत आहे. वाचायचंही उजवीकडून: बी मधलं ए मध्ये उतरवून घ्या. डावीकडून वाचणारे 'ए मधलं बी मध्ये' समजतात आणि ए मधलं हवं असलेलं मूल्य घालवून बसतात.