काकूंना दिसलं, ते आईला का दिसलं नाही?

*मावशी, मी 38 वर्षांची आहे, नागपुरात मानेवाड्याला राहते. लहानपण इथल्याच महाल भागात गेलं. आईबाबांचं पटायचं नाही. आई रुसून दोन-दोन महिने अमरावतीला माहेरी जाऊन राहायची. बाबा दुकान बंद करून पत्ते कुटायला बसायचे ते रात्री बाराला उगवायचे. मी नऊ वर्षांची, भाऊ पाच. गळ्यात किल्ली बांधून शाळेत जायचे. त्याचा डबा मी करायचे, प्रगतिपुस्तकावर बाबांची सहीसुद्धा मीच करायचे. मला टायफॉइड झाला तेव्हा शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं. आम्हाला कधी मारलं नाही, पण आमच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. आता बाबांना लकवा मारला आहे, आई थकली आहे, दोघांचं मीच बघते. मागच्या महिन्यात धीर करून आईला सगळं बोलले. ती म्हणाली, "उपाशी ठेवलं का तुमाले? काहून उकरून काढते जुनं?" भाऊ पुण्याहून म्हणतो, सोडून दे. आत्या म्हणते, म्हाताऱ्या मायबापाला जाब विचारतेस, पाप लागेल. रात्री झोप येत नाही. मी चुकले का? आणि ते कबूलच करणार नसतील, तर मी त्यांचं का करायचं?*

बेटा, तू चुकली नाहीस.

मारलं असतं तर वळ तरी दाखवता आला असता. तुझ्याकडे दाखवायला काही नाही, कारण जे व्हायला हवं होतं तेच झालं नाही. म्हणून तर आई "उपाशी ठेवलं का" म्हणून मोकळी झाली. पोटाला मिळालं म्हणजे लेकरू वाढलं, असं तिच्या पिढीत खरंच मानायचे. पण काळ तोच होता, गल्ली तीच होती, आणि काकूंच्या घरीही कामं, दुखणी, भांडणं असतीलच. त्यांना तुझा ताप दिसला. तेव्हा "त्या काळी असंच होतं" या उत्तरानं माझं समाधान होत नाही.

आई वाईट आहे असं मी म्हणत नाही. नांदणं असह्य झालं की माहेरी पळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यांची घुसमट खरी असते. तिच्यावर अन्याय झाला असेल आणि तिच्याकडून तुमच्यावरही झाला. पहिल्यामुळे दुसरा पुसला जात नाही.

आता माझं सांगते. माझी सासू गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तिला आम्ही तेरा दिवस शेजारी ठेवलं, आजी कुठं गेली हे कुणी सांगितलं नाही. तिशी ओलांडल्यावर तिनं मला विचारलं, "तू एकदा तरी येऊन मला का नाही सांगितलंस?" माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "तुला तिथं काय कमी होतं?" अगदी तुझ्या आईचंच वाक्य. मला राग तिचा आला नव्हता. आपण आई म्हणून कमी पडलो हे तिला दिसलं होतं, ते मला सोसलं नाही. तीन आठवड्यांनी भाजी निवडताना मी तिला म्हणाले, "तू दारात उभी राहून आमच्या घराकडे बघत होतीस, मला दिसलं होतं. मी आले नाही." बस, एवढंच. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

म्हणून एक सुचवते. आईला अख्ख्या बालपणाचा जाब विचारू नकोस. एवढं मोठं गाठोडं समोर टाकलं की माणूस अंग चोरतं. एकच प्रसंग घे, टायफॉइडचा घे. सणावाराला नको, नातेवाईक असताना नको, बाबांची अंघोळ, गोळ्या चालू असताना तर नकोच. दुपारी दोघीच असाल तेव्हा विचार, "मला ताप होता, काकूंनी दवाखान्यात नेलं, तुला कधी कळलं गं?" "काहून नव्हतीस" असं विचारलंस की ती कारणं सांगत बसेल. "कधी कळलं" म्हटलंस तर कदाचित आठवेल. लगेच नाही बोलली तर थांब, माझ्यासारखे तीन आठवडे लागू शकतात. पण दर आठ दिवसांनी तोच विषय काढू नकोस, त्यात तूच झिजशील.

आणि ती कधीच बोलली नाही तर? असं होऊ शकतं, बेटा. तरी जे झालं ते झालंच होतं. त्याला तिच्या सहीची गरज नाही.

"सोडून दे" म्हणणाऱ्या तुझ्या भावाला मी आपल्या गावचीच गोष्ट सांगेन. तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवत निघतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक ओरडतात आणि शेवटी तिला जाळतात. पण त्याआधी तिला बांधावं लागतं, चेहरा द्यावा लागतो, भर रस्त्यातून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत न्यावं लागतं. तुझ्या पीडेला तर अजून घरात कुणी नावही घेऊ दिलेलं नाही. ती जाळायची कशी?

तुझा दुसरा प्रश्न मी वेगळा ठेवते, तूही वेगळाच ठेव. आईवडिलांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी यांची जबाबदारी त्यानं मुलांवर टाकली आहे. मुलांनी टाळलं तर आईवडील उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात, आणि महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मंजूर होऊ शकतो. तुम्हाला कसं वाढवलं, यावर तो कायदा ही जबाबदारी ठरवत नाही. मात्र ती मुलगा-मुलगी दोघांवरही आहे. "सोडून दे" म्हणणं पुण्यातून फुकट आहे, दिवसाची बाई ठेवायला पैसे लागतात. या महिन्यात भावाला सरळ आकडा सांग. उरलेल्या कामातलं तुला झेपेल तेवढं कर, वार ठरवून कर. रोज तुझ्याच हातानं करायला हवं असं काही नाही. फक्त या रागात बाबांच्या गोळीची वेळ चुकू देऊ नकोस. आपल्याकडे न बघणाऱ्या घरात राहणं काय असतं, हे तुला माहीत आहे.

रात्री झोप येत नाही असंही लिहिलंयस. सरकारच्या टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. नऊ वर्षांच्या पोरीनं बापाची सही एकटीनं केली, तशी ही झोपही एकटीनं सांभाळत बसू नकोस.

काकू अजून महालातच राहतात ना? आईशी बोलण्याआधी या रविवारी त्यांच्याकडे जाऊन ये. भावाला फोन लावून स्पीकरवर ठेव आणि त्यांना म्हण, तापाच्या दिवसांचं सांगा. त्या सांगतील तेवढं दोघं ऐका.