माडीच्या सागवानी फळ्यांवर चिकटवलेलं जुनं व्हिनाइल कसं काढावं?

तुमचा प्रश्न असा आहे: डिचोलीतल्या जुन्या घराच्या माडीवर, सागवानी फळ्यांवर, गोंदाने चिकटवलेलं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं जमिनीचं आवरण, आहे. ते निघेल का, आणि फळ्या वाचतील का? फोंड्याकडच्या आमच्या घरात मी हेच काम केलंय, म्हणून लिहितो.

फळ्या बहुतेक वाचतील. पण वरून पत्रा, म्हणजे खरवडायचं पातं, लावण्याआधी खालच्या खोलीत जा आणि मान वर करून बघा. आपल्याकडे माडीची जमीन हीच खालच्या खोलीची तक्तपोशी असते, मध्ये दुसरं काही नसतं. काळे डाग, पांढरी बुरशी, वाळवीच्या मातीच्या रेषा हे सगळं खालून आधी दिसतं. विशेषतः तुळईचं टोक चिऱ्याच्या भिंतीत शिरतं ती जागा बघा. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. तो लोण्यासारखा आत गेला तर व्हिनाइल राहू दे, आधी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलवा, कारण त्याच जागेवर तुम्ही गुडघे टेकून जोर लावणार आहात.

आमच्याकडे खिडकीजवळच्या दोन फळ्या अशा निघाल्या. वरून व्हिनाइल नव्यासारखं चकचकीत होतं. पावसाळ्याचे चार महिने दमट हवा खालून लाकडात शिरते, आणि वर प्लास्टिक असल्याने ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणूनच वरून छान दिसत असलं तरी ते काढावं, असं माझं ठाम मत आहे.

काम दिवाळीनंतर करा, फेब्रुवारीपर्यंत. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत उरकायची घाई सगळ्यांनाच असते, पण श्रावणात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा पॉलिश मारलं तर ओल आतच कोंडते आणि हिवाळ्यात फटी उघडतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. तुमचं व्हिनाइल अखंड पट्ट्याचं नसून कडक, ठिसूळ, चौकोनी लाद्यांचं असेल आणि फार जुनं असेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे धूळ फुप्फुसात गेली तर घातक ठरणारं तंतुमय खनिज, असू शकतं. आपल्याकडे अशा लाद्यांसाठी आयएस ३४६१ हे भारतीय मानकही होतं. नुसतं बघून ते ओळखता येत नाही, एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. कळेपर्यंत त्या लाद्या घासू नका, फोडू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. पट्ट्याच्या खाली कागदासारखा थर असेल तर त्यालाही हाच नियम.

तपासणीत काही निघालं नाही तर पुढे जा. कटरचं पातं फक्त व्हिनाइलच्या जाडीपुरतं बाहेर ठेवून फळ्यांच्या लांबीला समांतर १५ ते २० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. कोपरा उचला, केस वाळवायच्या ड्रायरने किंवा मंद हीट गनने तापवा, आणि सुटलेलं टोक जाड काठीला गुंडाळून जमिनीलगत मागे ओढा. सरळ वर ओढलं तर पट्टी तुटते आणि लाकडाच्या चिपा निघतात. दोघं असाल तर एकाने तापवायचं आणि रुंद पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने ओढायचं. व्हिनाइल तपकिरी व्हायला लागलं म्हणजे जास्त तापलं. त्यातून डोळे-घसा झोंबवणारा वायू निघतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या हव्यात.

खरा वेळ गोंदात जातो. पिवळा रबरी गोंद उबेने मऊ होतो आणि पत्र्याने गोळा होऊन निघतो. पांढऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाला कोमट पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं पुरतं. डांबरासारखा काळा गोंद असेल तर उष्णता देऊ नका, तो पसरून लाकडात मुरतो. त्याचीही आधी तपासणी करा, कारण त्यातही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

थिनर ओतायचा मोह टाळा. पहिल्या खोलीत मी तो ओतला आणि विरघळलेला गोंद फळ्यांच्या फटींतून खालच्या भिंतीवर उतरला. ते डाग अजून आहेत. शिवाय थिनरची वाफ पेट घेते. तक्तपोशीखालून विजेच्या तारांच्या पट्ट्या गेलेल्या असतात हे विसरू नका.

पत्रा नेहमी फळीच्या रेषेने चालवा आणि वारंवार धार लावा. त्याआधी खिळ्यांची डोकी ठोकून आत घाला. गोंद पूर्ण निघाल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका, दोन मिनिटांत चोंदतो. नंतर ६० नंबर, मग १२०.

उघड्या फळ्या निदान तीन आठवडे तशाच ठेवा. आमच्या मेस्तांनी खालच्या बाजूला आणि तुळईच्या टोकांना वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल लावलं. ते कातडी जाळतं, हातमोजे हवेतच. वर मी जवसाचं तेल दिलं, दोन पातळ हात. ते लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. अंगणात एकेक पसरून वाळवा.