नुसते ड्रम्स, मग चाल कुठे शोधायची?

प्रश्न: मी डिचोलीचा, चवथीला वाड्यावर आरत्यांना घुमट (मातीचं, एका तोंडाला कातडं लावलेलं वाद्य) वाजवतो, रीतसर शिकलो नाही, काकांचं बघून बघून हात बसला. मुलगा पणजीला ड्रम्स शिकतो, त्याच्या सरांनी मॅक्स रोच या अमेरिकन जॅझ ड्रमरचा 'ड्रम्स अनलिमिटेड' हा अल्बम ऐकायला सांगितलाय. जॅझ म्हणजे ट्रम्पेट, सॅक्सोफोन एवढंच मला ठाऊक, इथे पहिल्याच ट्रॅकमध्ये माणूस एकटा ड्रम्स वाजवतोय! मोबाइलवर तीनदा ऐकला, काही हाताला लागेना. कसं ऐकायचं हे?

उत्तर: अहो, घुमट वाजवणाऱ्याला हे कळायलाच हवं. आधी हेडफोन लावा, मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, जवळजवळ गायबच होतो आणि त्या ट्रॅकचा सगळा जीव तिथेच आहे. 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' नाव त्याचं, म्हणजे 3 मात्रांचा वॉल्ट्झ, आपल्याकडे लग्नाच्या हॉलात लागतो तोच. उजवा पाय बास ड्रमवर पहिली मात्रा देतो, डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, दुसरी-तिसरी, धुम चिक चिक, धुम चिक चिक, आणि हे चालूच राहतं. तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तीच धून परत परत, धरतात ना, ते काम इथे रोचचे स्वतःचे पाय करतायत, हात मोकळे बोलायला. म्हणून पहिल्या वेळी हातांकडे लक्षच देऊ नका, नुसते पाय ऐका, दुसऱ्यांदा हात काय म्हणतात ते. मग लक्षात येईल की हात एक वाक्य बोलतात, थांबतात, मध्ये पायांना जागा देतात, तेच वाक्य थोडं बदलून परत आणतात. ही जी थांबायची जागा आहे ना, मला तर तीच सगळ्यात आवडते. आणि चाल म्हणाल तर ड्रम्सचे सूर वेगवेगळे लावलेत, वरखाली होतात ते कान देऊन ऐका, घुमटाच्या तोंडावर हात ठेवून तुम्ही आवाज बदलता तेव्हा तुम्ही तरी दुसरं काय करता?

1966 चा अल्बम हा, 6 ट्रॅक, त्यातले 3 एकट्या ड्रम्सचे, बाकी 3 मध्ये फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट वगैरे आहे, म्हणजे तुम्हाला हवा तो जॅझही मिळेल. 'फॉर बिग सिड' मात्र चुकवू नका, रोचनी आपल्या आधीच्या पिढीतल्या सिड कॅटलेट या ड्रमरच्या आठवणीत वाजवलाय, तुम्ही काकांचं बघून शिकलात म्हणून मुद्दाम सांगतोय.

हा पचला की रोचचाच 1961 चा 'पर्कशन बिटर स्वीट' घ्या, त्यात काँगा (हातांनी वाजवायचा उभा ढोल), काउबेल (काठीने वाजवायची घंटा) सगळं आहे आणि 'मॅन फ्रॉम साउथ आफ्रिका' 7 मात्रांत आहे, पण लगेच आपल्या रूपक तालाचा 3-2-2 ठेका त्यावर बळंच बसवू नका, आधी नुसते 7 मोजा, मुलाला शेजारी बसवून, एकाने टाळी द्यायची, दुसऱ्याने मांडीवर वाजवायचं.